दर सोमवारी उतरणारी बॅटरी: दीडशे सीसीच्या एका बाईकचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाईत राहून पाचगणीच्या एका शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांची ही बाईक. त्यांचं नाव, शाळा, गाडीची कंपनी यातलं काही इथे देत नाही. गॅरेजमध्ये सगळे त्यांना सर म्हणतात, आपणही तेच म्हणू. मी वाहनांच्या वायरिंगची कामं करतो आणि ही गाडी माझ्याकडे आली ती बरंच काही बदलून झाल्यावर. त्याआधीचं जे लिहिलंय ते सरांनी सांगितलेलं आणि बिलांवरून जुळवलेलं आहे.

गाडी दीडशे सीसीची, २०२१ मध्ये नवी घेतलेली. म्हणजे बीएस-६ या प्रदूषण नियमांनंतरची, फ्युएल इंजेक्शनवाली, किक नसलेली. दोन गोष्टी या प्रकरणात महत्त्वाच्या ठरल्या. पहिली म्हणजे किक नसल्यामुळे बॅटरी उतरली की गाडी जागची हलत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला धक्का मारला, उतारावर सोडली की ती पकडायची. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) दोन्ही विजेवर चालतात, त्यामुळे बॅटरी पुरती बसलेली असेल तर धक्क्याने काही होत नाही. दुसरी गोष्ट हेडलाईटची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाईट सतत पेटता ठेवणं बंधनकारक झालं, म्हणून त्याचा स्वीच काढून टाकला गेला. कंपनीने दिलेल्या वीजनिर्मितीतला एक वाटा त्यामुळे कायमचा हेडलाईटकडे जातो. वरून काही जोडायचं तर ते उरलेल्यातूनच भागवावं लागतं.

सरांचा रोजचा रस्ता पसरणीचा घाट. वाई ते पाचगणी अंतर साधारण १२ किलोमीटर, पण चढ भरपूर. पावसाळ्यात दांडेघरच्या अलीकडे धुकं इतकं उतरतं की समोरची एसटी तिच्या मागच्या लाल दिव्यांवरूनच कळते. फॉग लाईट लावण्याची त्यांची गरज शंभर टक्के खरी होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे प्रत्येकाने पहिलं बोट त्या दिव्यांकडेच दाखवलं.

जोडण्या एकदम झाल्या नाहीत. मार्चमध्ये मोबाईल होल्डरबरोबर यूएसबी चार्जर बसवला, व्होल्टेज दाखवणाऱ्या लाल आकड्यांचा. एप्रिलमध्ये मुलाने जीपीएस ट्रॅकर लावून दिला. जूनच्या सुरुवातीला वीस-वीस वॅटचे दोन एलईडी फॉग लाईट आले. तिन्ही कामं तीन वेगळ्या ठिकाणी झाली. प्रत्येकाने सीट उघडली, बॅटरीच्या टर्मिनलचा बोल्ट सैल केला, आपलं थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, त्यात अडकवलं आणि बोल्ट परत कसला. आधी काय काय लावलंय हे कुणी विचारलं नाही.

अडचण

जुलैच्या एका सोमवारी सकाळी साडेसहाला सेल्फ मारला तर नुसती टकटक. मीटरचे दिवे लागले, पंपाचा नेहमीचा आवाज आला नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप देऊन सर शाळेत पोचले. त्या आठवड्यात पुन्हा त्रास झाला नाही. पुढच्या सोमवारी परत तेच.

पहिल्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी फॉग लाईट बघितले आणि निदान तिथेच झालं. "सर, एवढे लाईट लावल्यावर बॅटरी टिकणार कशी? आणि हिला आता चार वर्षं झाली, बदलूनच टाका." बॅटरी खरंच मूळची होती, तेव्हा सल्ला वरवर चुकीचा नव्हता. नवी ५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीच्या साठवणीचं माप) बॅटरी बसवली, सुमारे चौदाशे रुपये गेले. दोन सोमवार व्यवस्थित गेले. तिसऱ्या सोमवारी सेल्फ जड फिरला, चौथ्या सोमवारी फिरलाच नाही.

मग दुसरं गॅरेज. तिथे "चार्जिंग होत नाही, रेग्युलेटर गेला असेल" असं म्हणून रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग, बदलला. त्यानंतर आठवडाभर पाऊस ओसरला होता, फॉग लाईट फारसे लावावे लागले नाहीत आणि गाडी नीट चालली. सरांना वाटलं, आता सुटलं. गौरी-गणपतीच्या सुट्टीत गाडी काही दिवस जागेवर उभी राहिली. सुट्टी संपल्यावर चावी फिरवली तर मीटरचा दिवासुद्धा लागला नाही.

नवी बॅटरी दुकानात दाखवली. दुकानदाराने ती चार्ज करून परत दिली आणि सांगितलं की बॅटरीत दोष नाही, ती पूर्ण उतरवली गेलीय. ते बरोबरच होतं. पण लेड-ॲसिड बॅटरी अशी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होतो आणि तिची साठवण कायमची घटते. नव्या बॅटरीचं आयुष्य दोन महिन्यांत असं खर्ची पडलं.

या टप्प्यापर्यंत कुणीही करंट-व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर हातात घेतला नव्हता. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गोष्ट हीच.

सोमवारच का?

गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी सरांना आधी एकच विचारलं, की बंद पडते ती नेमकी कधी? ते म्हणाले, "कधीही. भरवसाच नाही." मग आम्ही बसून वार आठवले. दरवेळी सोमवार निघाला, किंवा सुट्टीनंतरचा दिवस. मंगळवार ते शनिवार एकदाही नाही.

एवढ्यावरून निम्मं कोडं सुटतं. दोष फक्त फॉग लाईटचा असता तर गाडी आठवडाभर धुक्यात चालवून शुक्रवारी-शनिवारी दमली असती. दोष फक्त चार्जिंगचा असता तर वार बघून ती बंद पडली नसती. उभं राहिल्यावर बॅटरी उतरत असेल, तर चावी बंद असतानाही काहीतरी करंट खातंय. मग उन्हाळ्यात का नाही उतरली? चार्जर मार्चपासून होता, ट्रॅकर एप्रिलपासून. हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला, कारण त्याचं उत्तर दिल्याशिवाय निदान पुरं होणार नव्हतं.

सीट उघडली. पॉझिटिव्ह टर्मिनलवर एकावर एक थिंबलांची चळत होती: कंपनीचं मूळचं, त्यावर फॉग लाईटचं, त्यावर ट्रॅकरचं आणि चार्जरची तर नुसती सोललेली तार वळसा घालून दाबलेली. बोल्टचे जेमतेम दोन-तीन आटे पकडत होते. तारेच्या टोकाला हिरवट भुकटी जमली होती. फॉग लाईटच्या लाईनवर फ्यूज होता, पण तो बॅटरीपासून लांब, टाकीखाली. बॅटरी ते फ्यूज एवढी तार उघड्यावर, सीटच्या पत्र्याला घासत गेलेली. तिचं वेष्टण अजून एक पावसाळा टिकलं नसतं, आणि त्या टप्प्यात शॉर्ट झालं असतं तर फ्यूज मध्ये नसल्यामुळे तार पेटली असती. बॅटरी उतरण्यापेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

मोजणी

बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरली. ५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागाइतकाच करंट, रात्रभर. सकाळी चार्जर काढून काही तास तशीच ठेवली आणि मग व्होल्टेज पाहिलं: १२.५. चांगली बॅटरी अशा वेळी १२.७ ते १२.८ दाखवते. थोडं नुकसान झालेलं होतं, पण ती टाकाऊ नव्हती.

मग चावी बंद ठेवून निगेटिव्हची केबल सोडवली आणि टर्मिनल व केबल यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला. ही मोजणी घरीही करता येते, पण मीटर आधी १० अँपिअरच्या सॉकेटवरच ठेवायचा आणि तो जोडलेला असताना चावी किंवा सेल्फला हात लावायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. जोडल्या जोडल्या दिसणारा आकडाही खरा धरायचा नाही. ईसीयू आणि ट्रॅकर करंट मिळताच जागे होतात, त्यांना शांत व्हायला काही मिनिटं द्यावी लागतात.

आकडा ६२ मिलिअँपिअरवर स्थिरावला. एवढ्या बाईकसाठी तो फार आहे. यूएसबी चार्जरची तार काढली, २८ वर आला. ट्रॅकरची काढली, ३ वर. म्हणजे गाडी स्वतः ३ खात होती, ट्रॅकर २५ आणि व्होल्टमीटरचे लाल आकडे दिवसरात्र दाखवणारा तो चार्जर ३४. फॉग लाईट बंद असताना शून्य.

६२ मिलिअँपिअर ऐकायला किरकोळ वाटतात. चोवीस तासांत त्याचे दीड एएच होतात. शनिवारी दुपारी एकला सर घरी येतात आणि सोमवारी सकाळी साडेसहाला निघतात, मध्ये साडेएकेचाळीस तास. गुणाकार केला की सुमारे २.६ एएच, म्हणजे ५ एएचच्या बॅटरीतली निम्मी साठवण. सोमवारचं उत्तर मिळालं.

आता उन्हाळ्याचं. गाडी चालू करून साधारण ४,००० आरपीएमला बॅटरीवरचं व्होल्टेज घेतलं. फॉग लाईट बंद असताना १४.१, जे उत्तम आहे. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग नीट चाललंय असं समजायचं. फॉग लाईट लावल्यावर १३.२. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, फॉग लाईट लावल्यावर १२.३, म्हणजे त्या वेळी बॅटरी भरत नव्हती, उलट देत होती.

चित्र असं होतं. उन्हाळ्यात उभी असताना बॅटरीतून दिवसाला दीड एएच जात होतं, पण जाता-येता तासाभराच्या प्रवासात ते भरून निघायचं. रविवारी जास्त उतरायची, तरी शनिवारी ती पूर्ण भरलेली असल्यामुळे सोमवारी सेल्फपुरतं उरायचं. पावसाळ्यात फॉग लाईट लागले आणि भरणं जवळजवळ थांबलं. सकाळी चढताना खालच्या गिअरमध्ये इंजिन वरच्या आरपीएमवर असतं, तेव्हा थोडं तरी चार्ज होत असे. संध्याकाळी उतरताना मात्र बसच्या मागे, क्लच दाबून, आयडलिंगवर, ब्रेक लाईट सतत पेटलेला आणि फॉग लाईट चालू. घरी पोचणारी बॅटरी सकाळपेक्षा रिकामी असायची. शनिवारी ती तीन चतुर्थांश भरलेली असेल, तर सोमवारी पाव भाग उरणार. पावसाळी गारठ्यातल्या सेल्फला तेवढं पुरत नाही.

म्हणजे चोर एक नव्हता. चार्जर आणि ट्रॅकर उभ्या गाडीतून घेत होते, फॉग लाईट चालत्या गाडीला भरू देत नव्हते. दोन्हीपैकी एकच गोष्ट असती तर गाडीने ती निभावली असती. म्हणूनच नव्या बॅटरीने दोन आठवडे दिले, आणि म्हणूनच पाऊस ओसरल्यावर नव्या रेग्युलेटरचा गुण आल्यासारखा वाटला. जुना रेग्युलेटर सरांनी सुदैवाने जपून ठेवला होता. तो लावून पाहिला, तोही १४.१ देत होता.

आणखी एक मोजणी केली, जी सहसा कुणी करत नाही. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा खांब आणि मूळ केबलचं थिंबल यांच्यामध्ये मीटर धरला. ०.६ व्होल्ट त्या सैल चळतीतच वाया जात होते. स्वच्छ, घट्ट जोडावर हा आकडा ०.२ च्या खाली हवा. आधीच अर्धमेल्या बॅटरीतून हे ०.६ कमी होणं म्हणजे सेल्फ लागणं आणि न लागणं यातला फरक.

विचारात घेतलेले पर्याय

सरांच्या मनात पहिला पर्याय होता मोठ्या बॅटरीचा. ९ एएचची बसवली तर? तिचा आकार मूळ खाचेत मावत नव्हता, पट्टी कापावी लागली असती, पण खरी अडचण ती नव्हती. नळाची धार तेवढीच असेल तर टाकी मोठी घेऊन पाणी वाढत नाही. इंजिनमधली वीज बनवणारी कॉईल जेवढी वीज देते तेवढीच देणार. मोठी बॅटरी सोमवार निभावून नेईल आणि दिवाळीच्या सुट्टीत दगा देईल. हा पर्याय आम्ही सोडला.

दुसरा होता सगळं काढून टाकायचा. पहिल्या गॅरेजचं आता हेच म्हणणं होतं. तांत्रिकदृष्ट्या तो सगळ्यात खात्रीचा होता आणि मी सरांसमोर तो प्रामाणिकपणे ठेवला. पण त्या घाटात ऑगस्टमध्ये संध्याकाळी दिव्यांशिवाय उतरा, असं मला सांगवलं नाही. जोडलेल्या वस्तूंत जी खरोखर जिवाच्या सुरक्षेसाठी होती तीच आधी काढायची, हे मला पटत नव्हतं.

तिसरा, बॅटरीच्या निगेटिव्हवर बसणारा फिरकीचा स्वीच. शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, उतरताना फिरवायचा, चढताना फिरवायचा. उभ्या गाडीची गळती शून्य. पण दर वेळी सीट उघडावी लागणार, घड्याळ आणि ट्रिप मीटर पुसले जाणार आणि ट्रॅकर बंद राहणार. वर्षातून एकदा लांब सुट्टीवर जाणाऱ्याला तो ठीक आहे. रोज ये-जा करणाऱ्याकडून आठवड्याभरात तो वापरायचा राहून जाईल, असा माझा अनुभव आहे.

चौथा, वायरिंग नव्याने करायचं: चावीवर चालणारा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्वीच), त्याच्यामागे चार्जर आणि फॉग लाईट, प्रत्येकाला आपापला फ्यूज. खर्च साहित्याचा पाचशे-सहाशे रुपये, वेळ जवळपास अर्धा दिवस. यावर एकमत झालं. पण दोन प्रश्न त्यात सुटत नव्हते आणि खरी चर्चा त्यांच्यावरच झाली.

ट्रॅकरचा निर्णय

ट्रॅकर रिलेमागे टाकता येत नाही. चोरी होते ती चावी बंद असताना, आणि त्याच वेळी तो झोपलेला असेल तर त्याचा उपयोग काय? आत छोटी बॅटरी असते, पण ती काही तासांचीच. सर म्हणाले, "काढून टाका, मला त्याचं काही नाही, पोराची हौस आहे." मुलाशी फोनवर बोललो तेव्हा वेगळं कळलं. वडील धुक्यातून घरी पोचले की नाही हे पुण्यात बसून बघता यावं म्हणून त्याने तो लावला होता. चोरीचा विचार त्याच्या मनात फारसा नव्हताच.

मग काम सोपं झालं. ट्रॅकरच्या सेटिंगमध्ये स्लीप मोड असतो: गाडी हलेपर्यंत झोपायचं, हादरा बसला की जागं व्हायचं. विकत घेतल्यापासून तो बंदच होता, दर काही सेकंदांनी उभ्या गाडीची जागा कळवली जात होती. मुलाने पुण्याहूनच ते सेटिंग बदललं. मोजलं, २५ चे ४ मिलिअँपिअर झाले. ट्रॅकर थेट बॅटरीवरच ठेवला, फक्त स्वतःच्या १ अँपिअरच्या फ्यूजमधून. कुणी कशासाठी काय लावलंय हे विचारलं नसतं तर आम्ही तो काढून मोकळे झालो असतो, किंवा रिलेमागे टाकून निकामी केला असता.

फॉग लाईटचा निर्णय

दुसरा प्रश्न वॅटचा. ४० वॅट म्हणजे १२ व्होल्टला तीन अँपिअरच्या वर. ते कमी केल्याशिवाय पावसाळ्यात चार्जिंग सुधारणार नव्हतं, रिले लावा नाहीतर आणखी काही. सरांना भीती होती की दिवे कमी पॉवरचे केले तर दिसणार नाही.

संध्याकाळी अंधार पडल्यावर आम्ही भिंतीसमोर गाडी उभी केली. दोन्ही दिव्यांचा झोत हेडलाईटच्याही वर जात होता. धुक्यात असा उंच झोत पाण्याच्या थेंबांवर आपटून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत तयार होते. दिवा जितका जास्त वॅटचा, तितकी ती भिंत दाट. धुक्यात उपयोग होतो तो खाली बसवलेल्या, रुंद पसरणाऱ्या आणि वरून सरळ कापल्यासारख्या झोताचा, जो रस्त्याची कड आणि पट्टा दाखवतो. समोरून येणाऱ्याचे डोळेही त्यात दिपत नाहीत, आणि घाटात ते तितकंच महत्त्वाचं आहे. पिवळा की पांढरा यावर वाद पुष्कळ चालतात, माझ्या मते रंगापेक्षा झोताची उंची आणि आकार जास्त कामाचा.

तेव्हा वीस वॅटची जोडी काढून दहा-दहा वॅटची, रुंद झोताची घेतली आणि क्रॅश गार्डवर आधीपेक्षा खाली बसवली. कायद्याची बाजूही सरांना सांगितली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि डोळे दिपवणाऱ्या जादा दिव्यांवर पोलीस कारवाई करतात. म्हणून दिवे फक्त धुक्यापुरते, गावात आल्यावर बंद, हे त्यांनी मान्य केलं.

प्रत्यक्ष काम

निगेटिव्ह आधी सोडवली, मग पॉझिटिव्ह. टर्मिनल घासून स्वच्छ केलं. पॉझिटिव्हच्या बोल्टवर आता दोनच थिंबलं आहेत: कंपनीचं आणि एका छोट्या फ्यूज बॉक्सकडे जाणाऱ्या जाड तारेचं. ही तार वीतभरच आहे आणि तिच्यावर सुरुवातीलाच १० अँपिअरचा फ्यूज आहे. बाकी सगळं फ्यूज बॉक्समधून निघतं.

रिले नेहमीचा चार पायांचा. ३० नंबरला बॅटरीकडून येणारी तार, ८७ वरून फॉग लाईट आणि चार्जर, ८५ अर्थला, ८६ ला चावी लावल्यावरच करंट येणारी तार. ही ८६ ची तार कुठून घ्यायची हा कळीचा मुद्दा असतो. आम्ही ती मागच्या पार्किंग लाईटच्या कपलरमधून (तारा जोडणाऱ्या प्लगमधून) घेतली, कारण रिलेची कॉईल जेमतेम दीडेकशे मिलिअँपिअर घेते आणि मूळ वायरिंगवर ताण येत नाही. कंपनीच्या हार्नेसची, म्हणजे मूळ तारांच्या जुडग्याची, एकही तार कापली नाही. कपलरच्या मध्ये बसणारा जोड वापरला, उद्या काढायचा झाला तर गाडी जशीच्या तशी. सरांच्या गाडीची वॉरंटी तशीही संपत आली होती, पण नव्या गाडीत हार्नेस कापल्यामुळे वॉरंटीचा दावा फेटाळला गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

फॉग लाईटला रिलेनंतर हँडलवर वेगळा स्वीच दिला. सगळे जोड क्रिम्प करून (पकडीने दाबून) वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवली. काळी चिकटपट्टी पसरणीच्या पावसात एक मोसम काढते, मग सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. तारा हँडल पूर्ण डावी-उजवीकडे फिरवून पाहिल्या, कुठे ताणत नाहीत ना, आणि पत्र्याला लागतात तिथे कन्ड्युट (संरक्षक नळी) घातलं.

निकाल

चावी बंद असतानाचा करंट ६२ वरून ७ मिलिअँपिअरवर आला. आठवडाभर गाडी उभी राहिली तरी १.२ एएचच्या आत. फॉग लाईट चालू ठेवून ४,००० आरपीएमला १३.८ व्होल्ट, आयडलिंगला १३. सेल्फच्या वेळी जोडावर वाया जाणारं व्होल्टेज ०.१ वर.

खरी परीक्षा दिवाळीच्या सुट्टीत झाली. सर गावी गेले, गाडी वाईतच झाकून उभी होती. परत आल्यावर पहिल्या सेल्फला चालू झाली. पुढच्या पावसाळ्यातही एकाही सोमवारी जंप घ्यावा लागला नाही. बॅटरी मात्र तीच, अर्धवट खराब झालेली. ती नव्या बॅटरीइतकी वर्षं काढणार नाही, हे मी सरांना तेव्हाच सांगितलं होतं. खर्चाचा हिशेब मांडला तर बॅटरी आणि रेग्युलेटर यांवर गेलेले पैसे शेवटच्या दुरुस्तीपेक्षा कितीतरी जास्त भरले, आणि त्यातल्या रेग्युलेटरची तर गरजच नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैच्या पहिल्या सोमवारीच तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने दोन आकडे घेतले असते तर प्रकरण तिथेच संपलं असतं: चावी बंद असतानाचा करंट आणि इंजिन चालू असतानाचं व्होल्टेज. पहिल्या गॅरेजने बॅटरी बदलली याला माझा आक्षेप नाही, चार वर्षांची बॅटरी बदलणं रास्त होतं. आक्षेप आहे तो नवी बसवताना त्याच टर्मिनलवर ती सगळी चळत जशीच्या तशी परत कसल्याला. त्या क्षणी पाच मिनिटं देऊन मोजलं असतं तर नवी बॅटरी वाचली असती.

चार्जर बसवणाऱ्यालाही चावीवरची तार शोधण्याचा कंटाळा नडला. थेट बॅटरीवर जोडणं हे दहा मिनिटांचं काम, आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं. घेणाऱ्यानेच तिथे विचारावं: चावी काढल्यावर हे बंद होतं का? आकडे किंवा निळा दिवा पेटलेलाच राहत असेल तर तिथल्या तिथे परत करावं.

माझ्या बाजूने एक गोष्ट अजून करता आली असती, आणि आता मी ती करतो. काम झाल्यावर सीटच्या आत एक कागद प्लास्टिकमध्ये घालून चिकटवतो: कोणता फ्यूज कशाचा, ८६ ची तार कुठून घेतली आणि चावी बंद असताना किती मिलिअँपिअर दिसायला हवेत. पुढे कुणीही मिस्त्री सीट उघडेल तेव्हा त्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

सरांनी यंदा दोन नव्या मागण्या आणल्या आहेत. घाटातल्या वळणांसाठी मोठा हॉर्न आणि थंडीसाठी गरम होणाऱ्या ग्रिप. हॉर्न सात-आठ अँपिअर ओढतो, पण सेकंद-दोन सेकंदच, तेव्हा त्याला स्वतःचा रिले आणि फ्यूज देऊन तो बसवू. ग्रिप सतत तीस-चाळीस वॅट घेतात, म्हणजे काढलेले फॉग लाईट परत लावल्यासारखंच. त्यांना मी नाही म्हटलं, आणि वाऱ्यापासून हात झाकणारे हँडगार्ड सुचवले. ते दिवाळीनंतर लावायचे आहेत.